जर्मनीतली इंटर्नशिप : सुरुवात कधी?

प्रश्न : मी बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीत संशोधन इंटर्नशिप करायची आहे. अर्ज दिवाळीनंतर केला तर चालेल का?

उत्तर : उशीर होईल. ‘डाड’ (डीएएडी) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या ‘वाइज’ शिष्यवृत्तीला तिथल्या प्राध्यापकांचं निमंत्रणपत्र अर्जासोबतच लागतं आणि मुदत साधारण दिवाळीच्या सुमारास संपते. म्हणून गणपतीपासूनच ई-मेल पाठवायला लागा. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारा एकच मजकूर पन्नास जणांना धाडू नका, तो कुणी वाचत नाही, आणि का वाचावा? एखाद्या संशोधन गटाचा ताजा शोधनिबंध वाचून त्यात तुम्ही नेमकं काय करू शकाल, ते चार ओळींत लिहा. मात्र ‘वाइज’ ठरावीक संस्थांच्याच विद्यार्थ्यांना मिळते, यादी आधी तपासा. तुमचं कॉलेज नसेल तर कॅनडाची ‘मायटॅक्स ग्लोबलिंक’ ही संशोधन इंटर्नशिप पाहा : १२ आठवडे, प्रकल्प यादीतून निवडायचे, निमंत्रणाची खटपट नाही. तिची मुदत मात्र बहुधा सप्टेंबरातच संपते.