संधिवात, औषधे आणि आपली व्रते

साठी उलटली की गुडघ्यांची तक्रार घरोघर ऐकू येते. नमुना पारखल्याखेरीज आपण धान्याचे पोतेही उचलीत नाही. औषध मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतो. सबब या विषयाचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन इत्यादी गोळ्या शरीरातील ज्या द्रव्यांना आवर घालून सूज उतरवितात, तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात व मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखतात. म्हणून जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पर्युषणातील चौविहार उपवासात पाणीही वर्ज्य असल्याने मूत्रपिंडांवरील ताण वाढतो. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांस तर अधिकच. रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वीच्या गोळीबरोबर एकदम घेणे, हाही घातक मार्ग होय. व्रतापूर्वीच डॉक्टरांकडून वेळापत्रक आखून घ्यावे. एकच औषध निरनिराळ्या नावांनी मिळते, हेही ध्यानी असावे.

एका रात्रीत गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने कालांतराने हाडे ठिसूळ होतात व रक्तातील साखर वाढते. दीर्घकाळ घेतलेली अशी पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे. ती डॉक्टरांना दाखवूनच सोडावी.

आता आपल्या धर्माशी निगडित गोष्ट. सांध्यांसाठी विकले जाणारे ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे व कोळंबीच्या कवचापासून, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून, तर कॅप्सूलचे वेष्टन पुष्कळदा जिलेटिनपासून बनते. मक्यापासून केलेले ग्लुकोसामाइनही मिळते. तेव्हा घटक विचारल्याविना डबा घरी आणू नये. शिवाय २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, गुडघेदुखीच्या एकंदर रुग्णांत ही द्रव्ये औषधविरहित गोळीहून विशेष गुणकारी ठरली नाहीत. हिंसाही पदरी आणि लाभही संशयित, असा हा सौदा आहे.

याउलट वजन आटोक्यात ठेवणे, मांड्यांचे स्नायू बळकट करणारा नित्य व्यायाम, शेक आणि हाती काठी यांस खर्च थोडा. गुडघ्यावर लावण्याच्या डायक्लोफेनॅक मलमातून रक्तात औषध फारच थोडे उतरते; तथापि तेही विचारूनच लावावे.

जमाखर्चाची वही आपण नित्य लिहितो. तिच्याशेजारी औषधांचीही एक वही ठेवावी: गोळी, पुडी, काढा, मलम सर्व तीत टिपावे आणि प्रत्येक डॉक्टरांपुढे ती उघडावी. घरातील तरुणांनी आपल्या वडीलधाऱ्यांसाठी हे काम अंगावर घ्यावे, अशी सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.