दूधपाक : करावा कसा, ठेवावा कसा



आरोग्याच्या पानावर या वेळी पाककृती पाहून काहींना नवल वाटेल. त्यामागे कारण आहे. बुद्ध पौर्णिमेला आपल्या विहारांत खीरदान होते. सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची ती आठवण. दूध आणि तांदूळ एवढाच तो पदार्थ, पण नीट सांभाळला नाही तर तोच माणसाला आडवा करतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीतल्या कार्यक्रमासाठी रात्री अकराला खीर शिजवून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवली होती. मे महिना होता. सकाळी दहाला ती वाटली. दुपारपर्यंत बारा-तेरा लेकरे उलट्या करू लागली. माझी ड्युटी नव्हती, पण लोकांनी मलाच हाक मारली. दीड वर्षाच्या एका मुलीला सलाईन लावायला शीर सापडेना. तो अर्धा तास मी अजून विसरलेले नाही. सगळी लेकरे वाचली. नंतर कोणी म्हणाले दूध नासके होते, कोणी म्हणाले नजर लागली. दूध ताजे होते आणि नजर वगैरे काही नसते. गरम खीर झाकून रात्रभर तशीच ठेवली, हेच कारण होते.

म्हणून आज एक चांगला पदार्थ शिकू या आणि त्याच्यासोबत तो सांभाळायचा कसा, हेही शिकू या.

दूधपाक म्हणजे काय?

नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर मी काही वर्षे सुरतेत नोकरी केली. उधना, लिंबायत भागात खानदेशातून गेलेली आपली मराठी माणसे पुष्कळ आहेत. माझ्या वॉर्डात एक वयस्कर गुजराती सिस्टर होत्या. आम्ही त्यांना बेन म्हणायचो. दूधपाक मी त्यांच्या घरी शिकले.

आपल्या खिरीत तांदूळ जास्त असतो आणि ती दाट होते. बासुंदीत तांदूळ नसतोच. दूधपाक या दोन्हींच्या मधला. एक लिटर दुधाला जेमतेम दोन चमचे तांदूळ, मंद आचेवर आटलेले दूध, आणि दाणा शिजलेला पण अख्खा. तो पळीतून धारेने पडला पाहिजे. गुजरातेत तो पुरीबरोबर खातात.

तिकडे भादरवो महिन्यात, म्हणजे भाद्रपदात, श्राद्धाच्या पंधरवड्यात दूधपाक घरोघर होतो. आपण श्राद्धपक्ष पाळत नाही, बावीस प्रतिज्ञांत आपण तो सोडला आहे. पण घरातल्या जिवंत म्हाताऱ्या माणसांना गरम दूधपाक वाढायला तिथी लागत नाही.

साहित्य (सहा लहान वाट्या)

- म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध १ लिटर
- तांदूळ २ मोठे चमचे, साधारण ३० ग्रॅम. गुजरातेत जिरासर किंवा कमोद वापरतात, आपल्याकडे आंबेमोहोर चालेल. कणी नको, अख्खा दाणा हवा.
- साखर ८० ग्रॅम, म्हणजे सुमारे ६ सपाट मोठे चमचे
- तूप १ लहान चमचा
- चारोळी १ मोठा चमचा, ५-६ बदामांचे काप
- ४-५ वेलदोड्यांची पूड, चिमूटभर जायफळ
- परवडत असेल तर केशराच्या ८-१० काड्या

केशर नसले तरी काही बिघडत नाही. त्याच्याऐवजी बाजारचा पिवळा रंग मात्र घालू नका. जायफळ चिमटीपेक्षा जास्त नको, जास्त प्रमाणात ते बाधते.

कृती

१. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. पाणी पूर्ण निथळून त्याला तूप चोळा. त्यामुळे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत.

२. जाड बुडाचे पातेले पाण्याने विसळा, पुसू नका, आणि त्यात दूध ओता. असे केल्याने दूध बुडाला कमी लागते. पितळेचे पातेले असेल तर त्याला कल्हई हवीच. मध्यम आचेवर ढवळत दूध उकळा.

३. उकळी आली की तांदूळ घाला आणि आच मंद करा. दर दोन मिनिटांनी पळी बुडापर्यंत फिरवा. कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा दुधात सोडा. दाणा घोटू नका. याला ३५ ते ४५ मिनिटे लागतात.

४. दाणा दोन बोटांत सहज दाबला गेला आणि दूध आटून साधारण पाऊण राहिले की साखर घाला. साखर आधी घातली तर दाणा लवकर मऊ होत नाही. साखर विरघळताच दूध पुन्हा पातळ दिसेल, घाबरू नका. आणखी ८-१० मिनिटे उकळा.

५. आच बंद करून वेलची, जायफळ, चारोळी, बदाम आणि केशर घाला. निवल्यावर दूधपाक आणखी घट्ट होतो, म्हणून थोडा पातळ असतानाच उतरवा.

दूध बुडाला लागलेच तर खरवडू नका. वरचे दूध हलकेच दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या. साखरेऐवजी उकळत्या दुधात गूळ घालू नका, दूध फाटू शकते. आणि गूळ मधुमेहाला चालतो ही समजूतही चुकीची आहे. गुळानेही रक्तातली साखर वाढते.

टोन्ड दुधाचाही दूधपाक होतो. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. आटायला वेळ जास्त लागतो आणि चव थोडी हलकी होते, पण प्रथिने आणि कॅल्शियम जवळजवळ तेवढेच मिळते. खिसा पाहून दूध घ्या.

सांभाळायचा कसा?

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूंची बीजे असू शकतात. उकळूनही ती सगळी मरत नाहीत. शिजवलेला पदार्थ कोमट राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. दूध, तांदूळ आणि ऊब म्हणजे त्यांची मेजवानीच. त्या विषाने खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. हे विष पुन्हा उकळल्याने जात नाही. म्हणून "सकाळी एक उकळी देऊ, मग चालेल" हा हिशेब धोक्याचा आहे. वासावर किंवा चवीवरही जाऊ नका, बाधलेला पदार्थ चवीला चांगला लागू शकतो.

नियम सोपे आहेत.

- शिजल्यावर दोन तासांच्या आत खा. कडक उन्हाळ्यात एका तासात.
- उरवायचा असेल तर मोठ्या पातेल्यात ठेवू नका. उथळ ताटांत किंवा लहान डब्यांत काढा, थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा.
- घरात फ्रीज नसेल तर एका वेळेला संपेल एवढाच करा.
- कार्यक्रमासाठी आदल्या रात्री करू नका. त्याच दिवशी करा आणि वाटून होईपर्यंत मंद आचेवर वाफाळता ठेवा. ६० अंशांच्या वर हे जंतू वाढत नाहीत.
- ज्याच्या हाताला जखम, गळू किंवा खरूज आहे त्याने त्या दिवशी शिजवू नये आणि वाढूही नये. त्या जखमेतले जंतूही दुधात असेच विष करतात. हे कमीपणाचे नाही, त्याला दुसरे काम द्या.
- उकळत्या पातेल्याजवळ लहान मुले नकोत. दूध अंगावर सांडलेच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. दवाखान्यात न्या.

कोणी किती खावा?

वरच्या मापाच्या एका वाटीत सुमारे २५० कॅलरी आणि वरून घातलेली १३ ग्रॅम साखर येते. दिवसभरात वरची साखर २५ ग्रॅमच्या आत असावी, हे चांगले. म्हणजे एका वाटीत निम्मा हिशेब संपला. त्यात चहा धरा. याच वाटीत सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियमही मिळते. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते. आयुष्यभर राबून हाडे झिजलेल्या आपल्या आयांना ते हवेच आहे.

मधुमेह असणाऱ्यांनी अर्धी वाटी घ्यावी आणि त्या जेवणात एक पोळी किंवा भात कमी करावा. "आज गोड खाल्ले" म्हणून गोळी किंवा इन्सुलिन मनाने वाढवू नये. गरोदर भगिनींनी लोहाची गोळी दुधाच्या पदार्थाबरोबर घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. दुधातल्या कॅल्शियममुळे लोह अंगी कमी लागते. वर्षाच्या आतल्या बाळाला हा पदार्थ देऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना बदाम-चारोळी कुटून द्या, अख्खा दाणा घशात अडकतो. दूध प्यायल्यावर ज्यांचे पोट फुगते किंवा जुलाब होतात, त्यांना आग्रह करू नका.

उलट्या सुरू झाल्याच तर

ओआरएस घोट घोट पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, किंवा पाणीही पोटात टिकत नसेल तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. अंगारे-धुपारे करण्यात वेळ घालवू नका.

शेवटी महिला मंडळांना एक विनंती. येत्या पौर्णिमेला खीर करा किंवा दूधपाक करा, पण चूल बंद केली की पातेल्यावर खडूने वेळ लिहा, आणि एका बहिणीला त्या वेळेवर लक्ष ठेवायचे काम द्या. दोन तास झाले की वाटप बंद, मग कितीही उरो. टाकून देताना जीव तुटतो, मलाही तुटतो. पण दीड वर्षाच्या त्या मुलीची शीर शोधताना आम्ही काय सोसले, ते तुमच्यापैकी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

जय भीम. भवतु सब्ब मंगलं.