अंबाडी आणि भांग : झाडांच्या ठेवणीतील भेद

महाराष्ट्रात ज्वारी-तुरीच्या शेतात किंवा बांधाच्या कडेने अंबाडी लावण्याची चाल जुनी आहे. भाजी व वाख या दोहोंसाठी ती उपयोगी पडते. तिचे पान दुरून भांगेच्या पानासारखे दिसते. लिनियसने तिला दिलेल्या ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ या शास्त्रीय नावाचा अर्थही ‘भांगेसारखी’ असाच आहे. परंतु अंबाडी भेंडी-कापसाच्या कुळातील असून भांगेचे कूळ निराळे आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यान्वये भांगेच्या झाडाची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. म्हणून दोन्ही झाडांची ठेवण नीट जाणून घेणे अगत्याचे आहे.

पान : भांगेचे पान संयुक्त असते. देठाच्या टोकापासून बहुधा पाच ते सात अरुंद, करवती कडांच्या पर्णिका सुट्या फुटतात. अंबाडीचे पान कितीही खोल कातरलेले असले, तरी त्याचे सर्व भाग बुडाशी जोडलेले असतात. तिची खालची पाने तर बहुधा अखंडच असतात.

खोड : भांगेच्या खोडावर उभ्या खाचा असतात. खालच्या पेरांवर पाने समोरासमोर, तर शेंड्याकडे एकाआड एक येतात. अंबाडीची पाने प्रथमपासून एकाआड एक येतात. तिच्या खोडावर व देठांवर बहुधा बारीक काटे असतात.

फूल : भांगेची नर व मादी झाडे सहसा वेगवेगळी असतात. नर झाड उंच व सडपातळ असून त्याची लहान फुले मोकळ्या झुपक्यांत लोंबतात. पराग वाऱ्याने उडून गेल्यावर ते लवकर वाळते. मादी झाड दाट पानांचे असते. त्याच्या शेंड्यांवरील गच्च, चिकट तुऱ्यांनाच गांजा म्हणतात. अंबाडीला मात्र मोठे, फिकट पिवळे, मध्यभागी गडद तांबडे फूल येते आणि पुढे केसाळ बोंड धरते.

फुलोऱ्यापूर्वी ओळख पटवावयाची असल्यास केवळ पानाच्या आकारावर विसंबू नये; देठाचे टोक, पेरे व काटे हे तिन्ही पाहावेत. चव घेऊन परीक्षा करू नये.

आपल्या जमिनीत भांगेची बेकायदा लागवड झाल्याचे आढळल्यास त्याची खबर तत्काळ पोलिसांस देणे, हे जमीनधारकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जाणूनबुजून ते टाळणारा शिक्षेस पात्र ठरतो. मात्र ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वरील खुणा पडताळल्याखेरीज कोणाचेही पीक उपटण्याचा सल्ला देऊ नये. घाईने काढलेल्या निष्कर्षामुळे निरपराध शेतकऱ्याची अंबाडीही जाते आणि अब्रूही.