टेन्सरांची बेरीज

बंगळूर येथील उपग्रह केंद्रात घडविलेला आय. आर. एस.-१ए हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून अवकाशात गेला. त्याचे कॅमेरे एकाच भूभागाची चार वर्णपट्टांत चित्रे घेत आणि प्रत्येक बिंदूची तेजस्विता ० ते १२७ यांमधील एका पूर्णांकाने सांगत. अशा चित्राच्या आधारे आपण टेन्सरांची बेरीज समजून घेऊ.

एकटी संख्या म्हणजे शून्य मितींचा टेन्सर. संख्यांची एक ओळ हा एका मितीचा, तर ओळी व स्तंभ असलेले कोष्टक हा दोन मितींचा टेन्सर होय. वर्णपट्टांची अशी चार कोष्टके एकावर एक रचली, की तीन मितींचा टेन्सर होतो. प्रत्येक कोष्टकात ३ ओळी व ५ स्तंभ असल्यास त्याचा आकार ४ × ३ × ५ असा लिहितात. (पदार्थविज्ञानात या शब्दाचा अर्थ याहून काटेकोर आहे; येथे संख्यांची रचना एवढाच अर्थ घ्यावयाचा.)

पायटॉर्च हे यंत्र-शिक्षणासाठी तयार आज्ञावलींचे भांडार असून ते २०१७ साली सर्वांस खुले झाले. त्यात क + ख असे लिहिले, किंवा टॉर्च.अ‍ॅड(क, ख) अशी आज्ञा दिली, की समान स्थानांवरील संख्यांची बेरीज होते.

आकार भिन्न असल्यास यंत्र ते शेवटच्या मितीपासून मागे ताडून पाहते. दोन्ही लांबी समान असल्या, एक लांबी १ असली, किंवा एका टेन्सरात ती मितीच नसली, तर बेरीज होते. लहान टेन्सर त्या दिशेने पुनःपुन्हा वापरला जातो.

समजा, चार वर्णपट्टांत चार निरनिराळ्या संख्या मिळवावयाच्या आहेत. त्या एका ओळीत दिल्या, तर ४ ही लांबी स्तंभांच्या ५ शी जुळत नाही आणि यंत्र चूक दाखविते. म्हणून त्यांना ४ × १ × १ असा आकार द्यावा. परंतु चित्रात नेमके चारच स्तंभ असते, तर यंत्राने काही न बोलता त्या संख्या वर्णपट्टांऐवजी स्तंभांत मिळविल्या असत्या. न दाखविलेली चूक दाखविलेल्या चुकीहून अधिक घातक असते.

दुसरा धोका साठवणीचा आहे. आठ द्विमान अंकांच्या चिन्हरहित पूर्णांकात २५५ पर्यंतच संख्या मावते. आपल्या उपग्रहाच्या दोन चित्रांची बेरीज फार तर २५४ होईल, ती मावते. तीन चित्रांत मात्र एखाद्या बिंदूच्या संख्या ११०, १०० व ९० असल्या, तर बेरीज ३०० न येता ३०० − २५६ = ४४ येते. तेजस्वी वाळू काळोख्या पाण्यासारखी दिसू लागते! म्हणून बेरजेपूर्वीच संख्यांना मोठा प्रकार द्यावा. नंतर दिल्यास हरवलेला भाग परत मिळत नाही.

स्वाध्याय

१. ४ × ३ × ५ या टेन्सरात ३ × १ आकाराचा टेन्सर मिळविता येईल काय? त्यातील प्रत्येक संख्या कोठे मिळविली जाईल?

२. १२०, १२७ व ६० यांची बेरीज आठ द्विमान अंकांत किती येईल?

(उत्तरे : १. होय, प्रत्येक वर्णपट्टाच्या त्या त्या ओळीत. २. ५१.)