माळरानाचें स्थैर्य

सोलापूर व अहिल्यानगर ह्या कोरड्या जिल्ह्यांतील माळ दुरून पाहिला, तर एकसारखा दिसतो. परंतु खालीं बसून नीट न्याहाळलें, म्हणजे कुसळी, मारवेल, शेडा, हरळी अशीं निरनिराळीं गवतें आणि त्यांच्यामध्यें शेंगा धरणाऱ्या लहान वनस्पतीही आढळतात. पावसानें ओढ दिली कीं गुरांची सारी भिस्त ह्या गवतावर असते. तेव्हां असा प्रश्न उद्भवतो कीं, अवर्षणांत टिकून राहण्याचें सामर्थ्य गवताळ रानास कोठून प्राप्त होतें? परदेशांतील कुरणांच्या दीर्घ अभ्यासानें ह्या प्रश्नावर बराच प्रकाश पडला आहे.

अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत सीडर क्रीक येथें डेव्हिड टिल्मन ह्या शास्त्रज्ञानें १९८२ सालीं कुरणांत २०७ वाफे आंखून त्यांतील वनस्पतींची नोंद ठेवण्यास आरंभ केला. कांहीं वाफ्यांस नत्रयुक्त खत दिल्यामुळें तेथील जातींची संख्या घटली होती. पुढें १९८७-८८ सालीं तीव्र अवर्षण पडलें. तेव्हां पुष्कळ जाती असलेल्या वाफ्यांतील गवत सुमारें निम्म्यावर आलें; पण ज्यांत थोड्याच जाती उरल्या होत्या, तेथें तें सुमारें एक-अष्टमांशच राहिलें. येथें कोणी शंका घेईल कीं, हा दोष खताचाच नसेल कशावरून? तिचेंही निरसन झालें आहे. १९९४ सालीं तेथेंच नव्या वाफ्यांत १ पासून १६ पर्यंत जाती मुद्दाम पेरण्यांत आल्या, आणि दहा वर्षांच्या नोंदींवरून अधिक जातींचेच वाफे अधिक स्थिर ठरले.

मिनेसोटा हा कांहीं फारसा कोरडा प्रदेश नव्हे. कोरड्या हवेचें उदाहरण पाहावयाचें तर चीनमधील अंतर्मंगोलियाच्या कुरणांचें घ्यावें. तेथील २४ वर्षांच्या नोंदी २००४ सालीं प्रसिद्ध झाल्या. तेथें पाऊस दरवर्षीं कमीअधिक होई. एक जात खुरटली, तर दुसरी वाढून तिची तूट भरून काढी. एकेक जात डळमळे, परंतु समग्र कुरण त्या मानानें स्थिर राही.

ह्याचें कारण जमिनीच्या पोटांत शोधलें पाहिजे. कांहीं वनस्पतींचीं मुळें वरच्या थरांतच पसरतात व हलक्या सरीचें पाणी टिपून घेतात. कांहींचीं मुळें खोल जाऊन तेथील ओलावा शोषतात. मुळांना चिकटलेल्या बुरशीचे सूक्ष्म तंतू मुळांस अगम्य अशा जागींचें पाणी व क्षार आणून देतात. शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतू हवेंतील नत्र बांधून ठेवतात. वाळवी व मुंग्या माती पोखरतात, म्हणून पावसाचें पाणी आंत मुरतें. उघड्या जमिनीवर शेवाळ व दगडफूल ह्यांचा पातळ पापुद्रा धरला, म्हणजे वाऱ्यानें माती सहसा उडत नाहीं. अशा रीतीनें प्रत्येकाचें काम निराळें असल्यामुळें एकाची उणीव पडली तरी सारा व्यवहार बंद पडत नाहीं.

हा संसार मोडल्यास काय होतें, हें अमेरिकेच्या मध्य मैदानांनीं अनुभविलें. तेथील विस्तीर्ण गवताळ भूमि नांगरून शेतकऱ्यांनीं गहू पेरला. १९३० नंतरच्या दशकांत अवर्षण येतांच पीक करपलें, आणि माती धरून ठेवणारीं मुळें उरलीं नसल्यामुळें ती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजीं तर धुळीच्या वादळानें भर दिवसां काळोख केला. असंख्य कुटुंबांस घरदार सोडून देशोधडीला लागावें लागलें.

विविधतेनें पाऊस पडत नाहीं, हें खरें. परंतु पाऊस न पडल्यास होणारी हानि तिच्यामुळें कमी होते. म्हणून माळ पडीक समजून तो नांगरण्यापूर्वीं, किंवा त्यावर एकाच जातीचीं झाडें लावण्यापूर्वीं, पालकांनींही क्षणभर विचार करावा. विद्यार्थ्यांनीं जवळच्या माळावर एक हात लांब व एक हात रुंद चौकोन आंखावा, त्यांतील वनस्पतींचे प्रकार पावसाळ्याच्या शेवटीं मोजावे, व त्यांतील कोणते उन्हाळ्यांत तग धरून राहिले हें वहींत लिहून ठेवावें. ज्या माळावरून आपण रोज बेफिकीरपणें चालत जातों, त्याची खरी ओळख त्यांस तेव्हां पटेल.