स्पीकरास साजेसा अॅम्प्लिफायर

विद्यार्थिमित्रहो, दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील कित्येक घरीं जुन्या स्पीकरांस नवा अॅम्प्लिफायर जोडण्याचा विचार निघतो. दुकानांत वॉटांचा आंकडा ऐकला कीं, आंकडा मोठा तितकें यंत्र चांगलें, अशी घरच्या मंडळींची समजूत होते. ही समजूत महाग पडते. वर्गांत शिकलेलें पदार्थविज्ञान येथें वडिलांचे पैसे कसें वांचवितें, हें आम्ही थोडक्यांत सांगूं इच्छितों.

प्रथम आंकड्याची पारख करूं. कांहीं खोक्यांवर ‘पी. एम. पी. ओ.’ या नांवाखालीं हजारों वॉट छापलेले असतात. यंत्राच्या पाठीमागील पट्टी वाचावी. तें वीज किती घेतें, हें तेथें लिहिलेलें असतें. ५० वॉट घेणारें यंत्र सतत ५०० वॉट देऊं शकणार नाहीं. शक्ति शून्यांतून निर्माण होत नाहीं, हा नियम बाजारांतही लागू आहे. म्हणून सतत मिळणारी, ‘आर. एम. एस.’ पद्धतीनें मोजलेली शक्तीच विचारावी.

दुसरी गोष्ट, वॉट दुप्पट केल्यानें आवाज दुप्पट होत नाहीं. तो केवळ ३ डेसिबलनें वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यास सुमारें १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति, लागते. समजा, एका वॉटला एक मीटर अंतरावर आपला स्पीकर ८७ डेसिबल आवाज देतो. मग २ वॉटांस ९०, ४ वॉटांस ९३, ८ वॉटांस ९६ आणि १६ वॉटांस ९९ डेसिबल होतील. साधें संभाषण सुमारें ६० डेसिबलचें असतें. यावरून बैठकीच्या खोलीस किती थोडे वॉट पुरतात, हें ध्यानांत येईल.

तिसरी गोष्ट रोधाची. १२ व्होल्ट दाबाखालीं ८ ओहमचा स्पीकर दीड अँपिअर प्रवाह घेतो, तर ४ ओहमचा तीन. ज्या अॅम्प्लिफायरवर किमान ८ ओहम लिहिलें आहे, त्यास ४ ओहमचा स्पीकर जोडल्यास तो तापून बिघडण्याचा संभव असतो.

मात्र फारच लहान अॅम्प्लिफायरही घेऊं नये. तो पूर्ण जोरानें चालविला असतां ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. त्यांतून उत्पन्न होणारे जादा उच्च स्वर नाजूक ट्वीटरास जाळूं शकतात. थोडी शक्ति हातची राखून ठेवणें हेंच शहाणपण. तसेंच परभणीच्या वैशाखांत यंत्रावर विणलेला रुमाल घालून त्याचीं छिद्रें झांकूं नयेत.

शेवटीं शेजारधर्म. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत मर्यादा ४५ डेसिबलची आहे.

तेव्हां आपल्या स्पीकराचे ओहम व डेसिबल वहींत टिपून दुकानांत जावें. तेथें गंगाखेडच्या जनाबाईंचा एखादा परिचित अभंग मंद आवाजांत लावावा. शब्द स्पष्ट कानीं आले, तर यंत्र घेण्यास हरकत नाहीं.