योगशिक्षक कसा पारखावा?

जून महिना आला की वस्तीत योगवर्गाची पत्रके फिरू लागतात. २१ जूनचा योग दिवस २०१५ पासून साजरा होतो आणि त्याबरोबर शिकवणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. कोणी समाजमंदिरात वर्ग घेतो, कोणी मोबाईलवर, कोणी घरी येऊन शिकवतो.

योगासने शरीराला चांगलीच. दिवसभर वाकून धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावर ओझी उचलणारा मजूर, शिलाई मशीनवर बसणारी मुलगी, यांची आखडलेली पाठ, मान आणि खांदे नियमित सरावाने मोकळे होतात. पण चुकीच्या माणसाने नको ते आसन जोर लावून करून घेतले, तर तीच पाठ धरते. रोजंदारीच्या घरात पाठ धरली की दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आसन शिकण्याआधी शिक्षक पारखायला शिकले पाहिजे.

ही पारख आपल्यालाच करावी लागते. डॉक्टरला नोंदणीशिवाय दवाखाना चालवता येत नाही. योगशिक्षकाला मात्र तसा सक्तीचा परवाना नाही. आज फलक लावून उद्या कोणीही वर्ग सुरू करू शकतो.

चार कसोट्या

संयुत्त निकायात श्रावस्तीचा एक प्रसंग आहे. राजा प्रसेनजित भगवान बुद्धांजवळ बसला असता समोरून जटाधारी आणि इतर पंथांचे साधू गेले. राजाने उठून हात जोडले आणि विचारले, हे अर्हत असतील ना? बुद्धांनी सांगितले की नुसते पाहून ते कळत नाही. माणसाचे शील सहवासाने कळते, सचोटी व्यवहाराने कळते, बळ आपत्तीत कळते आणि प्रज्ञा चर्चेने कळते. तेही बराच काळ लक्ष ठेवल्यावर. तेव्हा राजाने कबूल केले की ते साधू नव्हतेच, वेष घेतलेले त्याचेच हेर होते.

भगवी कफनी, लांब दाढी किंवा भिंतीवरचे फोटो पाहून आपणही फसू शकतो. याच चार कसोट्या योगशिक्षकाला लावून पाहू.

१. सहवास : आधी बघा, मग बसा

पैसे भरण्याआधी एक-दोन वर्ग नुसते बसून पाहू द्या, असे सांगा. चांगला शिक्षक हरकत घेत नाही. तो म्हाताऱ्या माणसाला आणि तरुण पोराला एकच आसन एकाच पद्धतीने करायला लावतो, की भिंतीचा, खुर्चीचा, उशीचा आधार देतो? ज्याला जमत नाही त्याची थट्टा करतो का? सगळा वेळ स्वतःच आसने करून दाखवतो, की फिरून प्रत्येकाकडे लक्ष देतो?

स्पर्शाकडे विशेष लक्ष द्या. शरीर नीट करण्यासाठी हात लावायचा असेल तर आधी विचारले पाहिजे, आणि "नको" म्हटले की तिथेच थांबले पाहिजे. बऱ्याच गोष्टी तोंडाने सांगून किंवा स्वतः करून दाखवता येतात. बाईला किंवा मुलीला "तुला वेगळे शिकवतो, एकटी ये" असे कोणी म्हणत असेल तर जाऊ नये. नकोसा स्पर्श झाला तर गप्प राहू नका. घरी सांगा, महिला मंडळात सांगा, गरज पडल्यास ११२ वर फोन करा. मुलांच्या बाबतीत १०९८ हा क्रमांक आहे. लाज त्याने बाळगायची, आपण नाही.

२. व्यवहार : कागद आणि पैसा

कुठे शिकलात, किती दिवस शिकलात, किती वर्षे शिकवता, हे सरळ विचारा. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाखाली योग प्रमाणन मंडळ आहे. ते परीक्षा घेऊन वेगवेगळ्या पातळ्यांची प्रमाणपत्रे देते. महाराष्ट्रात जुन्या, नावाजलेल्या संस्थाही आहेत. १९१८ साली स्थापन झालेली आणि आता मुंबईत सांताक्रूझला असलेली द योगा इन्स्टिट्यूट, लोणावळ्याला १९२४ पासूनचे कैवल्यधाम, पुण्यात अय्यंगार गुरुजींची संस्था. तिथे शिकलो असे कोणी सांगितले तर प्रमाणपत्र पाहायला मागा आणि संस्थेत फोन करून खात्री करा.

काही जण "दोनशे तासांचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र" दाखवतात. असा अभ्यासक्रम बहुधा महिनाभरात संपतो, आणि अशी नोंदणी करणारी अमेरिकेतील योगा अलायन्स ही खासगी संस्था आहे. तो सरकारी परवाना नव्हे. कागद फक्त शिक्षण सांगतो, स्वभाव सांगत नाही.

पैशाचे बोलणे आधीच स्पष्ट करा. फी किती, पावती मिळते का, मध्येच सोडले तर काय? वर्षभराची रक्कम एकदम भरू नका, महिन्याची भरा. वर्गात चूर्ण, काढा, मंतरलेले पाणी विकले जात असेल तर तो शिक्षक कमी आणि दुकानदार जास्त आहे.

३. आपत्ती : दुखले तर काय करतो?

पहिल्याच दिवशी शिक्षकाने तुमचे आजार, औषधे, ऑपरेशन, गरोदरपण विचारले पाहिजे. न विचारता आसने सुरू करणाऱ्याकडे थांबू नका. स्वतः लक्षात ठेवायच्या काही गोष्टी :

• रक्तदाब वाढलेला असेल, काचबिंदू किंवा मानेचे दुखणे असेल तर शीर्षासन, सर्वांगासन टाळा.
• गरोदर बाई, हृदयरोगी, हर्निया किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी कपालभाती करू नये.
• मणक्यातील गादी सरकली असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील तर पुढे खोल वाकू नका.
• गुडघे झिजले असतील तर वज्रासन, पद्मासनाचा हट्ट नको. खुर्चीवर बसूनही सराव होतो.
• इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेणाऱ्याने उपाशीपोटी जोराचा सराव केला तर साखर एकदम उतरू शकते.
• विदर्भात आपल्या समाजातील बऱ्याच घरांत सिकलसेल आहे. या रुग्णाला दमछाक, थंडी, अंगातील पाणी कमी होणे आणि प्राणवायू कमी पडणे यांतून तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. श्वास फार वेळ रोखून धरण्याचे प्रकार त्याने करू नयेत, मध्ये मध्ये पाणी प्यावे आणि डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

ताण जाणवणे वेगळे आणि कळ येणे वेगळे. कळ आली, चक्कर आली, छातीत दुखले की थांबायचे. "दुखू दे, सहन कर" म्हणणारा शिक्षक धोक्याचा. "थांबा, दवाखान्यात दाखवा" म्हणणारा भरवशाचा.

४. चर्चा : प्रश्न विचारा

हे आसन कशासाठी? माझ्या आजारात चालेल का? जाणता शिक्षक साध्या शब्दांत सांगतो, आणि माहीत नसेल तर "डॉक्टरांना विचारा" असे म्हणतो. "प्रश्न विचारू नका, श्रद्धा ठेवा" असे उत्तर मिळाले तर चप्पल घाला आणि निघा.

"साखरेच्या गोळ्या बंद करा, योगाने मधुमेह मुळापासून जाईल" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. नियमित सरावाने साखर आणि रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते, पण गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर तपासणी करून ठरवतात. औषधाने किंवा चमत्कारी उपायाने मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

मंत्र म्हणावे लागतील का, हाही प्रश्न आपल्या घरांत येतो. तो मोकळेपणाने विचारा. सांधे मोकळे होतात ते हालचालीने आणि श्वासाने. सूर्यनमस्कारातील हालचाली मंत्राशिवाय केल्या तरी व्यायाम तेवढाच होतो. तुमच्या मताचा मान ठेवून शिकवणारा शिक्षक निवडा.

शोध कुठे घ्यावा?

मोठी फी म्हणजे चांगला शिक्षक असे नाही. अनेक आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगाची सत्रे विनामूल्य होतात. आपल्या आशाताईंना दिवस आणि वेळ विचारा. विहारातील महिला मंडळाने दोन-तीन शिक्षकांना एकेक नमुना वर्ग घ्यायला बोलवावे, नंतर सगळ्यांनी मिळून ठरवावे. एकट्याने फसण्यापेक्षा दहा जणांनी पारखणे बरे. निवड झाल्यावरही तीन महिने लक्ष ठेवा. पाठ हलकी झाली का, झोप नीट लागते का, नवे दुखणे सुरू झाले का, हे एकमेकांना विचारत जा. त्रास वाढला असेल तर शिक्षक बदलायला संकोच करू नका.